जुना जर्मन बिअरमग घेताना: आधी तळ, मग झाकण, चित्र सगळ्यात शेवटी

म्युनिकला नवीन आलेल्या मराठी घरात वर्षभरात एक तरी बिअरमग येतोच. बहुतेक वेळा तो विमानतळावरचा असतो, त्यावर किल्ला, सिंह आणि निळ्या-पांढऱ्या चौकटी, आणि तो पुण्यात कुणाच्या तरी शोकेसमध्ये जाऊन बसतो. त्याबद्दल काही तक्रार नाही. पण कधीतरी रविवारी बाजारात जुन्या सामानाच्या टेबलावरचा एखादा राखाडी, जड, कथलाच्या झाकणाचा मग हातात येतो आणि खाली ठेववत नाही. ज्याला एकदा असं झालंय, त्याच्यासाठी हे लिहितोय. मी काही तज्ज्ञ नाही. अकरा-बारा वर्षं घेतोय, फसलोय, शिकलोय.

1. आधी नाव नीट घ्या

इंग्रजी बोलणारे याला ‘स्टीन’ म्हणतात. जर्मन विक्रेत्यासमोर तो शब्द काढला की तुम्ही पर्यटक आहात हे ठरलं, आणि किंमतही त्यानुसार ठरली. जर्मनमध्ये ‘श्टाइन’ म्हणजे नुसता दगड. भांड्याला म्हणायचं ‘क्रूग’. एक लिटरचा तो ‘मासक्रूग’, ऐसपैस आकाराचा ‘हुम्पन’.

यातला ‘मास’ म्हणजे माप. उच्चार आखूड करायचा, जवळजवळ ‘मस’. लांबवला तर बव्हेरियातला, म्हणजे म्युनिकच्या प्रांतातला, माणूस हसतो. भांड्याचं नाव आणि मापाचं नाव एकच, आपल्याकडच्या शेर-पायलीसारखं. आजची मास बरोबर 1 लिटरची. दशमान पद्धत येण्याआधी, म्हणजे 1872च्या पूर्वी, बव्हेरियातली मास 1.069 लिटरची होती. म्हणून फार जुना मग ‘लिटरपेक्षा जरा जास्तच मावतो’ असा वाटला तर चकित होऊ नका, खूश व्हा.

बिअर आणि माप यांचं नातं तिथे फार जुनं आहे. बिअरच्या शुद्धतेचा तो प्रसिद्ध कायदा, 1516 साली इंगोलश्टाट इथे जाहीर झालेला, सगळ्यांना ‘सातू, हॉप्स आणि पाणी, दुसरं काही नाही’ एवढाच माहीत असतो. पण त्याची सुरुवातच भावाने होते: हिवाळ्यात एका मासला एक फेनिग, उन्हाळ्यात दोन, त्यापेक्षा जास्त घ्यायचं नाही. मापात पाप हा विषय तिथे इतका जिवंत आहे की कमी बिअर ओतून फसवणाऱ्यांविरुद्ध म्युनिकमध्ये आजही एक रीतसर संस्था आहे.

2. लोणच्याची बरणी आठवा

जुन्या क्रूगची माती समजून घ्यायला मराठी माणसाला पुस्तक लागत नाही. आजीच्या फडताळातली पांढरी-तपकिरी बरणी आठवली की पुरे. आपण तिला चिनी मातीची म्हणतो, पण ती नाजूक कपबशीच्या जातीची नसते, ती स्टोनवेअर. इतक्या आचेवर भाजलेली की माती आतून दगडासारखी घट्ट होते आणि पाणी पीत नाही. माठ पाझरतो, बरणी पाझरत नाही. जर्मन क्रूग या बरणीचाच चुलतभाऊ.

ऱ्हाइन नदीच्या आसपासच्या कुंभारांनी त्यावर एक युक्ती केली. भट्टी बाराशे अंशांच्या वर गेली की ते वरून साधं मीठ आत टाकत. मिठाची वाफ मातीतल्या वाळूच्या अंशाशी मिळून भांड्यावर काचेचा पातळ थर चढवते. ही मिठाची झिलई हाताला ओळखू येते: गुळगुळीत नाही, संत्र्याच्या सालीसारखी बारीक खडबडीत. डोळे मिटून अंगठा फिरवून बघा. एकदा कळलं की विसरत नाही.

गावं चार-पाच लक्षात ठेवा, बाकी हळूहळू येतात. झीगबुर्गचे उंच, निमुळते, फिकट पांढरट मग. रारेन, जे आज बेल्जियममध्ये आहे, तिथले तपकिरी. कलोन आणि शेजारच्या फ्रेखेनचे दाढीवाले चंबू. गळ्यावर दाढीवाल्या माणसाचा चेहरा ठसवलेला असतो, म्हणून त्यांना ‘बार्टमान’ म्हणतात. हे दाढीवाले डच जहाजांतून जगभर गेले. 1629 साली पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळ फुटलेल्या ‘बटाव्हिया’ जहाजाच्या अवशेषांतही ते सापडले. बव्हेरियात क्रॉइसनचे गडद तपकिरी मग, त्यावर रंगीत प्रेषितांच्या आकृत्या. आणि सगळ्यात ओळखीचा, राखाडी अंगावर कोबाल्टचा निळा रंग: तो व्हेस्टरवाल्डचा. सोळाव्या शतकाच्या शेवटी झीगबुर्ग आणि रारेनचे काही कुंभार तिकडे जाऊन वसले आणि त्या भागाचं नावच ‘कुंभारांचा मुलूख’ अशा अर्थाचं पडलं.

काही घेण्याआधी एक दिवस संग्रहालयात घालवा. व्हेस्टरवाल्डमध्ये ह्योर-ग्रेन्त्सहाउजनचं सिरॅमिक संग्रहालय सगळ्यात उत्तम. म्युनिककरांनी बव्हेरियन राष्ट्रीय संग्रहालय आणि जुन्या गावातलं छोटं बिअर आणि ऑक्टोबरफेस्ट संग्रहालय बघावं, न्युरेंबर्गकरांनी गेर्मानिशेस नॅशनल म्युझियम. खरं काय दिसतं हे डोळ्यांत बसल्याशिवाय खोटं ओळखता येत नाही.

3. पालथा घाला

मग उचलताना तळाखाली हात द्या. झाकण धरून किंवा नुसत्या कानाला धरून उचलू नका. दीडशे वर्षांचा कान कधी निखळेल सांगता येत नाही. पालथा घालताना दुसऱ्या हाताने झाकण दाबून धरा, नाहीतर ते धाडकन उघडतं आणि बिजागरीवर ताण येतो. विक्रेते हे बघत असतात. नीट हाताळणाऱ्याला टेबलाखालचा माल दाखवतात, हा माझा अनुभव.

आता तळ वाचा. जमिनीला टेकणारी कड झिजलेली, जरा मळकट असायला हवी. शंभर वर्षं टेबलावर घासलेलं भांडं बुडाला कोरं कसं असेल? ऱ्हाइनच्या जुन्या भांड्यांच्या तळावर कधी शिंपल्यासारख्या वळणदार रेघा दिसतात. फिरत्या चाकावरून भांडं तारेने कापल्याची ती खूण. मग बोट आत घाला. आतून बोटाला चढउतार, गोल गोल कडा लागल्या तर चाकावर घडवलेलं. आतून सपाट आणि बाहेर उभी शिवण दिसली तर साच्यातलं. साच्यातलं म्हणजे वाईट असं नाही, फक्त ते बहुतेक वेळा एकोणिसाव्या शतकातलं किंवा नंतरचं.

तळावर अक्षरं असली तर अर्धं काम झालं. ‘वेस्ट जर्मनी’ लिहिलंय? तो मग 1949 ते 1990 मधला, विक्रेता काहीही सांगो. ‘डी.आर.जी.एम.’ ही नोंदणीची खूण 1891 नंतरची. इंग्रजीत ‘मेड इन जर्मनी’ हा शिक्का 1887च्या ब्रिटिश कायद्यामुळे रुळला, म्हणजे तो असलेला मग त्याच्या आधीचा नाही आणि बहुधा निर्यातीचा. मेटलाखच्या व्हिलेरॉय अँड बॉख कारखान्याचे मग हा वेगळाच प्रांत आहे. तिथे तळावर नमुन्याचा क्रमांक कोरलेला असतो, शिवाय सालाचे शेवटचे दोन आकडेही असतात, 97 म्हणजे 1897. यांची किंमत ऐकूनच नवशिक्याने पुढे जावं.

एक गोष्ट मात्र पक्की धरा. भांड्यावर ठसवलेलं साल हे भांडं बनल्याचं साल नसू शकतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जर्मनीत जुन्या काळाची मोठी हौस आली होती. रारेन आणि व्हेस्टरवाल्डमध्ये सोळाव्या शतकातले नमुने पुन्हा घडवले गेले, आणि नमुन्याबरोबर त्यावरचं सालही तसंच उतरवलं गेलं. त्यामुळे ‘1589’ लिहिलेला मग 1885चा निघतो. यात लबाडी असेलच असं नाही, ती हौस होती. पण पैसे 1885चेच द्या.

शेवटी वाजवून बघा. माठ घेताना बोटाच्या पेराने वाजवतो ना, तसंच. ठणठणीत आवाज आला तर छान. बद्द आवाज आला तर कुठेतरी केसासारखा तडा आहे, शोधा; बहुतेक वेळा कानाच्या मुळाशी सापडतो.

4. झाकण

मला स्वतःला झाकणं मगापेक्षा जास्त आवडतात. प्लेगच्या काळात माश्या पडू नयेत म्हणून झाकणाचा कायदा झाला, ही गोष्ट प्रत्येक दुकानदार सांगतो. ऐका, मान डोलवा, विश्वास ठेवायची गरज नाही. बागेत चेस्टनटच्या झाडाखाली बसून बिअर पिणाऱ्याला झाकण का हवं, हे सप्टेंबरमध्ये एकदा बसलात की कळतं. पान, फूल, गांधीलमाशी, सगळं वरूनच येतं.

झाकणाचा धातू म्हणजे प्यूटर, मुख्यतः कथील. कल्हईवाला भांड्याला लावायचा तेच कथील, पण इथे दुसऱ्या धातूंशी मिसळलेलं. जुन्या प्यूटरमध्ये शिसं असू शकतं. म्हणून जुन्या मगातून बिअर पिऊ नये, असं माझं स्पष्ट मत. बघायला ठेवा, प्यायला नवीन घ्या.

झाकण उघडून आतल्या बाजूला कथीलकाराचा छोटा ठसा आहे का बघा. मग झाकण काठावर नीट बसतं का ते पाहा. एका बाजूला लोंबत असेल, काठाच्या बाहेर डोकावत असेल, तर ते दुसऱ्या मगाचं असण्याची शक्यता मोठी. बिजागरी सैल आहे का, कानाभोवतीच्या कथलाच्या पट्टीवर नंतर केलेला जोड दिसतो का, झाकणावर पोचे किती आहेत हे सगळं पाहा. एखादा पोचा मला चालतो. वापरल्याची खूण आहे ती.

झाकणावर अंगठ्याने दाबायची जी मूठ असते, तिच्याकडे बघा. तिथे माणूस दिसतो. वीणेसारखं वाद्य असेल तर मालक गायकमंडळात असावा. सिंह असेल तर बव्हेरियाचा अभिमान. काळ्या झग्यातलं लहान मूल म्हणजे म्युनिकच्या शहरचिन्हावरचं ‘किंडल’. चार ‘एफ’ अक्षरं गुंफलेली असतील तर तो व्यायामशाळेतला गडी. झाकणावर नावाची आद्याक्षरं आणि साल कोरलेलं असेल, तर ते बहुतेक भेट दिल्याचं साल. माझ्याकडच्या एकावर फक्त ‘1898, मित्रांकडून’ एवढंच कोरलंय. पिणारा कोण, मित्र कोण, काही पत्ता नाही. तो मी विकणार नाही.

आणि एक रीत: बव्हेरियात रिकाम्या मगाचं झाकण उघडं ठेवलं की ‘अजून एक आण’ असा अर्थ होतो. संपवून निघायचं असेल तर झाकण बंद करा. मी पहिल्यांदा गप्पांच्या नादात उघडं ठेवलं होतं. पुढची मास समोर आली, परत कशी पाठवायची कळेना, प्यालो.

5. मग चित्र, भिंग घेऊन

चित्रात सगळे फसतात, म्हणून ते शेवटी. दहा पटीचं भिंग खिशात ठेवा. भिंगाखाली रंग वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे बारीक ठिपक्यांचे दिसले तर ते आधुनिक छापील चित्र आहे, वर कितीही जुनाट दिसो. हाताने रंगवलेल्यात कुंचल्याचे फराटे दिसतात, रंग कुठे जाड कुठे पातळ लागतो, रेषेबाहेर थोडा जातोही.

माझी स्वतःची फजिती सांगतो. सैनिकी सेवा संपवून घरी जाणारे तरुण साधारण 1890 ते 1914 या काळात आठवणीचा मग करून घेत. त्याला ‘रिझर्विस्टनक्रूग’ म्हणतात. त्यावर रेजिमेंटचं नाव, सेवेची सालं, सोबत्यांच्या नावांची यादी, झाकणावर सैनिक किंवा तोफ. पोर्सिलेनच्या मगाला बहुतेक वेळा तळात पातळ चित्र असतं, जे रिकामा मग उजेडाकडे धरला की दिसतं. बाजारात मला असा एक मिळाला, 1904 सालचा म्हणून. भाव करून घेतला, हरखून घरी आणला. वरच्या मजल्यावरचे आजोबा जिन्यात भेटले. त्यांनी तो खिडकीकडे धरला, एक डोळा मिटला आणि हसत सुटले. तळात एक उघडी बाई होती. अस्सल मगात तिथे बहुधा निरोप घेणारा सैनिक असतो, नाहीतर वाट बघणारी प्रेयसी, खेड्यातलं दृश्य. विवस्त्र बाई ही नकलेची ठरलेली खूण, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. दुसरी खूणही समोरच होती: अस्सलवर नावांच्या भरगच्च यादीच्या यादी असतात, माझ्यावर मोजून सहा नावं होती, सगळी भिंगाखाली ठिपक्यांची. तो मग आता माझ्या टेबलावर पेनं ठेवायला आहे.

6. काठाखालची रेघ

छोटी गोष्ट, पण उपयोगी. 1881च्या कायद्यानुसार, जो 1884च्या सुरुवातीपासून लागू झाला, गुत्त्यात बिअर देण्याच्या भांड्यावर मापाची रेघ सक्तीची झाली. तुमच्या मगावर काठाखाली रेघ आणि शेजारी ‘0,5 लि.’ असेल (त्यांच्याकडे दशांशाला स्वल्पविराम), तर तो बहुधा त्यानंतरचा आणि गुत्त्याचा. रेघ नसेल तर तो जुना असेल, किंवा घरचा, भेटीचा, निर्यातीचा. रेघ नाही म्हणून जुना, असा उलटा निष्कर्ष काढू नका.

7. कुठे घ्यायचा, कसा बोलायचा

म्युनिकमध्ये मारियाहिल्फ चौकात वर्षातून तीनदा ‘आउअर डुल्ट’ भरतो. तिथे भांड्यांचा मोठा बाजार असतो आणि जुन्या वस्तूंच्या रांगाही. श्टुटगार्टमध्ये कार्ल्सप्लात्सवर शनिवारी जुना बाजार असतो. जुन्या बाजाराला ‘फ्लोमार्क्ट’ म्हणतात. सकाळी लवकर गेलात तर माल चांगला, दुपारी उशिरा गेलात तर भाव चांगला.

घासाघीस चालते, पण तुळशीबागेतली नाही. अर्ध्यावर आणायचा प्रयत्न केलात तर माणूस पाठ फिरवतो. हसून ‘शेवटचं किती?’ विचारायचं, आणि उणीव दाखवायची असेल तर ती हळू आवाजात दाखवायची. पहिली खरेदी म्हणून मी व्हेस्टरवाल्डचा विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा साधा अर्ध्या लिटरचा निळा-राखाडी क्रूग सुचवेन. स्वस्त मिळतो, नकलेची भीती कमी, आणि हात तयार होतो.

8. धुणं

कोमट पाणी, मऊ ब्रश, साबणाचा थेंब. डिशवॉशर नाही, घासणी नाही. कथलाला चिंच, लिंबू, पीतांबरी यातलं काहीही लावू नका. त्याची करडी छटा हीच त्याची किंमत. चकचकीत केलेलं झाकण म्हणजे रंगवलेले पांढरे केस. झाकण थोडं उघडं ठेवून मांडलं की आत कुबट वास धरत नाही.

9. प्यायचं असेल तर

प्यायला नवीन मग घ्या. म्युनिकमध्ये राखाडी मिठाच्या झिलईचा मग मिळतो, त्याला ‘केफरलोहर’ म्हणतात, जवळच्या केफरलो गावच्या घोड्यांच्या बाजारावरून. बिअर त्यात जास्त वेळ गार राहते. उणीव एकच: आत किती ओतलीय हे दिसत नाही. काचेत पाप लपत नाही, म्हणून ऑक्टोबरफेस्टच्या तंबूत आता काचच. तिथला मग पिशवीत टाकून आणू नका; दारावर सुरक्षारक्षक दरवर्षी असे हजारो मग काढून घेतात. दुकानातून विकत मिळतो.

काचेचा मासक्रूग भरलेला असताना कानाला बोटांनी धरून मनगट दुखवून घेऊ नका. चार बोटं कानातून आत घालून तळवा काचेला लावा. ‘प्रोस्ट’ म्हणताना समोरच्याच्या डोळ्यांत बघा आणि मग तळाच्या जाड भागाने भिडवा. नजर चुकवणं असभ्य समजतात.

कलोनला गेलात तर सगळा हिशेब बदलतो. तिथे 0.2 लिटरचे बारीक, सरळ ग्लास. निळ्या पोशाखातला वाढपी, त्याला ‘क्योबेस’ म्हणतात, न विचारता भरलेला ग्लास ठेवत जातो आणि पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीने रेघ मारतो. आग्रह अगदी आपल्या पंगतीतला. थांबवायचं असेल तर ती चकती ग्लासवर ठेवा, पानावर आडवा हात धरावा तशी.

कधी मित्र काचेचा बूट आणतील, दोन लिटरचा. बुटाचं टोक वर ठेवून प्यालात तर टोकात हवा शिरते आणि उरलेली बिअर थेट तोंडावर येते. टोक बाजूला वळवून प्या. हे सांगून फायदा नसतो, प्रत्येकजण एकदा भिजतोच.

बव्हेरियातल्या बागेत टेबलक्लॉथ नसलेल्या टेबलांवर घरचं खाणं नेता येतं. 1812 साली राजा मॅक्सिमिलियन पहिला याने बिअरवाल्यांना बागेत बिअर विकायची परवानगी दिली, पण जेवण विकायची नाही. तेव्हापासून लोक डबा घेऊन येतात. बिअर मात्र तिथलीच घ्यायची. आमच्या टेबलावर मुळ्याच्या चकत्या आणि प्रेत्सेलच्या शेजारी भडंग आणि थालीपीठ असतं. शेजारचे विचारतात, देतो.

10. भारतात नेताना

झाकण आणि काठ यांच्यामध्ये पुठ्ठ्याची घडी घाला, नाहीतर प्रवासभर दोन्ही एकमेकांवर आपटतात. आत मोजे कोंबा. कथलावर चिकटपट्टी लावू नका. आणि सामानात टाकण्याऐवजी हातातल्या बॅगेत न्या.

पहिला व्हेस्टरवाल्ड मी आईला नेला. तिने तो ओट्यावर ठेवला, अंगठा फिरवला, झाकण दोनदा उघडझाप केलं आणि म्हणाली, “ही बरणीच आहे की. कान कशाला केलाय?” लिंबाचं लोणचं मी घालू दिलं नाही, आंबटाने झाकण जाईल म्हणून. आता त्यात तिच्या विणकामाच्या सुया असतात.